एव्हरेस्टवरची तहान : एका रात्रीचा घटनाक्रम

२३ मे २०१९ ही तारीख माढा लोकसभा मतदारसंघात कोणी विसरलेलं नाही. मतमोजणीचा दिवस होता. रणजितसिंह नाईक-निंबाळकर की संजयमामा शिंदे, याशिवाय कुर्डुवाडीत दुसरा विषय नव्हता. ऊन चाळिशीच्या पुढे, उजनी धरण मृत साठ्याच्याही कितीतरी खाली, सोलापूर जिल्ह्यातली जनावरं चारा छावण्यांत. पाणी नसणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच दिवशी निहाल बागवान एव्हरेस्टवर होता. वय २७. गाव अकलूज, म्हणजे इथून टेंभुर्णीमार्गे तासाभराची वाट. शिखरावरून परतताना तो गिर्यारोहकांच्या रांगेत बारा तासांहून अधिक अडकला, शेर्पांनी त्याला उचलून कॅम्प चारपर्यंत आणलं आणि तिथे त्याने प्राण सोडला. कारण दिलं गेलं ते थकवा आणि शरीरातलं पाणी आटणं. चहूकडे बर्फच बर्फ असलेल्या जागी दुष्काळी जिल्ह्यातला एक मुलगा पाण्याविना खचला, हे वाचून इथल्या कितीतरी घरांत माणसं सुन्न झाली.

त्या मे महिन्यातल्या एव्हरेस्टवरच्या मृत्यूंची जगभर चर्चा झाली. गर्दीबद्दल बोललं गेलं, प्राणवायूच्या नळकांड्यांबद्दल बोललं गेलं. पाण्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. मला वाटतं, तिथेच चूक झाली. आठ हजार मीटरवर पाणी मिळवणं, ते गोठू न देणं आणि वेळेवर पोटात जाणं या तिन्हींवर माणसाचं परत येणं अवलंबून असतं. म्हणून हा घटनाक्रम बाटलीच्या बाजूने मांडला आहे. वेळा नेपाळच्या बाजूने होणाऱ्या शेवटच्या चढाईच्या नेहमीच्या वेळा आहेत. जे त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या पाठीवर घडत असतं, ते इथे तासागणिक लिहिलं आहे.

१४ मे, नऊ दिवस आधी

शेर्पांच्या तुकडीने शिखरापर्यंत दोर बांधून पूर्ण केले. त्या वसंतात नेपाळने ३८१ परवाने दिले होते, तोवरच्या कोणत्याही हंगामापेक्षा जास्त. प्रत्येक परवान्यामागे किमान एक शेर्पा धरला तर वर जाणाऱ्यांचा आकडा दुप्पट होतो. मे महिन्याच्या सुरुवातीला फनी चक्रीवादळाने हवामान बिघडवलं होतं. चांगल्या हवेचे दिवस मोजके उरले आणि सगळ्यांनी तेच दिवस धरले. महिन्याच्या मध्याला काही जण वर जाऊन आले. बाकीचे २१ मेनंतरच्या तीन-चार दिवसांवर डोळा ठेवून बसले.

२२ मे, सकाळ

गिर्यारोहक निर्मल पुर्जा पहाटे शिखरावर पोहोचला. शिखराखालच्या कड्यावर एकामागे एक चिकटून उभ्या असलेल्या रंगीबेरंगी सुटांच्या रांगेचं छायाचित्र त्याने काढलं. ते पुढे जगभर छापलं गेलं. त्याच दिवशी मुंबई परिसरातल्या अंजली कुलकर्णी शिखरावरून उतरताना गेल्या. खालच्या तळांवरून वर येत असलेल्यांना वर काय चाललं आहे हे वायरलेसवरून कळत होतं, तरी कोणी मागे वळलं नाही. वळणं सोपंही नसतं. वर्षानुवर्षांची तयारी, कर्ज, गावाने जमवून दिलेली वर्गणी, हे सगळं त्या पावलांच्या मागे उभं असतं.

२२ मे, दुपारी २

साउथ कोल, म्हणजे कॅम्प चार. उंची ७,९०० मीटरच्या वर. ल्होत्से आणि एव्हरेस्ट यांच्यामधली ही उघडी खिंड, सदैव वाऱ्याच्या तोंडावर. दमून आलेला माणूस तंबूत शिरतो आणि आडवा होतो. आणि इथेच पहिली घसरण सुरू होते, कारण तंबूत पाणी नावाची वस्तूच नसते. ते तयार करावं लागतं.

पोत्यात बर्फाचे तुकडे फोडून आणायचे, भांड्यात टाकायचे, गॅसच्या स्टोव्हवर वितळवायचे. कोरडा बर्फ थेट तापत्या भांड्यात टाकला तर तळाला लागतो आणि पाण्याला करपट वास येतो, म्हणून तळाशी थोडं पाणी आधी ठेवावं लागतं. घट्ट बर्फ असेल तर एक लिटर पाण्याला तीन-चार भांडी लागतात, भुसभुशीत असेल तर आठ-दहा. बर्फाला नुसतं पाणी करायलाच प्रचंड उष्णता लागते : शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाला वितळायला ८० कॅलरी, आणि तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे इंधनाचा निम्मा खर्च पाणी गरम व्हायला लागण्याआधीच झालेला असतो. शिवाय थंडीत गॅसचा डबा गारठतो आणि ज्योत मंदावते. म्हणून डबे स्लीपिंग बॅगेत उबेला ठेवावे लागतात.

दोन माणसांचं पुढच्या चोवीस तासांचं पाणी करायला तीन-चार तास सहज जातात. हे काम बहुतेक वेळा शेर्पा करतात. आपण पडून राहतो आणि ते बर्फ फोडत असतात. गिर्यारोहणाच्या आपल्याकडच्या पुस्तकांत, भाषणांत, सत्कारांत ध्वज फडकवण्याचा क्षण असतो. हे तीन-चार तास नसतात. असायला हवेत.

२२ मे, दुपारी ४

किती प्यायचं? याचं उत्तर १९५२ आणि १९५३ या दोन वर्षांनी दिलेलं आहे.

१९५२ च्या मे महिन्यात स्विस मोहिमेतले रेमंड लाँबेअर आणि तेनसिंग नोर्गे यांनी सुमारे ८,४०० मीटरवर एक रात्र काढली. स्लीपिंग बॅग नव्हती, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर डबा धरून त्यांनी थोडा बर्फ वितळवला आणि तेवढ्यावर भागवलं. दुसऱ्या दिवशी ८,६०० च्या आसपास पोहोचून दोघे मागे फिरले. त्या चढाईच्या शेवटच्या दिवसांत ही माणसं रोज जेमतेम अर्ध्या लिटरवर होती.

ब्रिटिशांच्या चमूत ग्रिफिथ प्यू नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याने हे हेरलं. शक्ती कमी पडते ती नुसती हवा विरळ म्हणून नव्हे, माणसं कोरडी पडतात म्हणूनही, हे त्याने ठासून सांगितलं. रोज तीन-चार लिटर पेय पोटात गेलंच पाहिजे, आणि त्यासाठी स्टोव्ह व इंधन भरपूर न्यावं लागेल, हा आग्रह त्याने धरला. २८ मे १९५३ च्या रात्री हिलरी आणि तेनसिंग शेवटच्या तंबूत स्टोव्ह पेटवून गरम लिंबाचं सरबत पुन्हा पुन्हा पीत होते. पहाटे हिलरीचे बूट दगडासारखे गोठलेले निघाले, ते स्टोव्हवर मऊ करण्यात वेळ गेला. बाहेर उणे २७ अंश होतं. तरी निघताना दोघांच्या अंगात पाणी होतं. एव्हरेस्ट प्रथम सर झालं त्याच्या श्रेयात त्या स्टोव्हचा वाटा आहे.

आता हा हिशेब २०१९ च्या रांगेला लावून पाहा. तीन-चार लिटरची गरज असताना कॅम्प चारवरून निघणारा माणूस साधारण एक लिटर घेऊन निघतो, फार तर दीड. पाणी जड असतं आणि आधीच पाठीवर प्राणवायू असतो. आठ-दहा तास वर, चार-पाच तास खाली, असा बेत असेल तर हे कसंबसं पुरतं. बेत पाच-सहा तासांनी लांबला तर पुरत नाही. रांगेने नेमकं तेच केलं.

२२ मे, संध्याकाळी ७

बाटल्या भरण्याची वेळ. इथल्या दहा मिनिटांत पुढच्या पंधरा तासांचं बरंच काही ठरतं, म्हणून थोडं सविस्तर.

पाणी उकळतं भरायचं. साउथ कोलवर हवेचा दाब इतका कमी की पाणी सुमारे ७५ अंशांनाच उकळतं, त्यापुढे ते तापतच नाही. तरी हे ७५ अंश मोलाचे. ते शून्यावर उतरेपर्यंत जेवढी उष्णता जाते, जवळजवळ तेवढीच पुढे त्याचा पूर्ण बर्फ होईपर्यंत जाते. म्हणजे कोमट पाणी भरणारा माणूस निघण्याआधीच बरीच शिदोरी टाकून देतो.

बाटली रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंड आधी बुजतं. झाकणाचे आटे फडक्याने कोरडे करायचे, नाहीतर तिथलाच थेंब गोठून झाकण बसतं आणि हातमोज्यांतल्या बोटांना ते फिरत नाही. बाटली सुटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची. दुसरी पाठपिशवीत ठेवावी लागली तर लोकरी मोज्यात गुंडाळून, उलटी ठेवायची. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणून गोठणं वरच्या बाजूने सुरू होतं. बाटली उलटी असेल तर बर्फाचा थर बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. झाकण पक्कं असल्याची खात्री करूनच हे करावं, कारण सूट ओला झाला तर तो माणूस पाण्याविना राहण्याआधी थंडीनेच संपेल.

साखर-मीठ घातलं की पाणी गोठत नाही, असा एक समज ट्रेकर मंडळींत पक्का आहे. ओआरएसच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्यापेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने खाली असतो. उणे २५ मध्ये त्या अर्ध्या अंशाचा काही उपयोग नाही. ओआरएस प्यावं ते अंगातल्या क्षारांसाठी.

आणि निघण्याआधी तंबूतच अर्धा-एक लिटर पिऊन घ्यायचं. पोटातलं पाणी गोठत नाही. पण हेच नेमकं टाळलं जातं, कारण दोर, हार्नेस आणि एकसंध सूट यांत लघवीला जाणं फार अवघड, बायकांना तर फारच. माणसं मुद्दाम कमी पितात. संकोचापोटी झालेली ही काटकसर वर महागात पडते, आणि याबद्दल मोहिमेच्या तयारीत उघडपणे बोललं गेलं पाहिजे.

२२ मे, रात्री ९

निघालेल्या माणसांच्या कपाळावरच्या दिव्यांची माळ काळोखात वर सरकू लागते. प्राणवायू मिनिटाला साधारण दोन लिटर या मापाने सुरू असतो. एक नळकांडं त्या गतीने आठ-दहा तास चालतं. सगळ्यांचा हिशेब याच आकड्याभोवती असतो. पाण्याला असा आकडा कोणी लावत नाही. नळकांड्यावर दाब दाखवणारं घड्याळ असतं, बाटलीवर नसतं.

२२ मे, रात्री ११

ज्यांनी पाण्याची पिशवी आणि तोंडाशी येणारी नळी आणली आहे, त्यांची नळी आता बंद. नळीतलं पाणी बोटभर जाडीचंसुद्धा नसतं, ते सर्वांत आधी गोठतं. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकललं तर ती थोडी टिकते, पण चेहऱ्यावर प्राणवायूचा मुखवटा असताना ते कोण करणार? पिशवीत लिटरभर पाणी शिल्लक आहे आणि एक थेंब तोंडात येत नाही, ही अवस्था नळीवर विसंबणाऱ्या कोणाचीही होऊ शकते. इतक्या थंडीत नळी नकोच.

श्वास तर सुरूच असतो, आणि त्याच वाटेने पाणी जात असतं. बाहेरची हवा गोठवणारी आणि कोरडी, नळकांड्यातला प्राणवायू त्याहून कोरडा. फुप्फुसं तो ३७ अंशांवर आणून पुरता ओला करतात आणि मग बाहेर सोडतात. मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा. वर थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, मधल्या अंगात रक्त वाढल्यासारखं होतं, मूत्रपिंडं पाणी बाहेर काढू लागतात. आणि तहान? थंडीत ती लागतच नाही. जीभ कोरडी पडेपर्यंत माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

२३ मे, पहाटे १

बाल्कनी, सुमारे ८,४०० मीटर. टेकायला जागा असलेलं हे शिखराआधीचं जवळजवळ शेवटचं ठिकाण. इथे नळकांडं बदलतात. प्यायला हवं ते इथेच. आतल्या खिशातली बाटली काढा, चार घोट घ्या, परत आत ठेवा : लिहायला एक ओळ. करायला जाड मोजे काढावे लागतात, सुटाची चेन उघडावी लागते, मुखवटा बाजूला करावा लागतो, आणि मागचा माणूस खोळंबलेला असतो. बोटं दोन मिनिटांत बधिर होतात. पुष्कळ जण खालच्या माणसाच्या दिव्याकडे बघून ‘पुढे पिऊ’ असं ठरवतात.

२३ मे, पहाटे ४

सूर्योदयाआधीची सगळ्यांत गार वेळ. वर कड्यावर रांग थांबलेली आहे.

या सगळ्या घटनाक्रमाचा कणा इथे आहे. खिशातलं पाणी राखतं कोण? सूट नाही. सूट फक्त ऊब अडवतो, निर्माण करत नाही. ऊब चालणारं शरीर निर्माण करतं. पाय उचलला जातो, स्नायू तापतात, त्या उबेवर बाटली तगते. रांग थांबली की स्नायू थांबतात. एक पाऊल, मग दहा मिनिटं उभं. शरीर गारठतं आणि आपली ऊब हृदय-मेंदूकडे खेचून घेतं. छातीजवळच्या बाटलीला काही तास आणखी मिळतात, पिशवीतल्या बाटलीला मिळत नाहीत. तोंडाशी पातळ पापुद्रा येतो, मग जाड थर, मग सगळाच गोळा. घट्ट दोरात अडकलेल्या माणसाला पाठपिशवी उतरवून हे पाहताही येत नाही.

कुर्डुवाडी हे रेल्वेचं गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे इथून सुरू झाली, तिचा कारखाना इथलाच. वाफेच्या इंजिनावर उमर काढलेल्यांना विचारा : कोळसा भरपूर असून पाणी संपलं तर इंजिन ओढत नाही, आणि तसंच रेटलं तर बॉयलर जातो. वर थांबलेल्या माणसाचं हेच होतं. खिशात खाऊ असतो, पाठीवर प्राणवायू असतो, पण घट्ट झालेलं रक्त ते बोटांपर्यंत आणि मेंदूपर्यंत वाहून नेऊ शकत नाही. हिमदंश लवकर होतो. डोकं दुखतं, चिडचिड होते, निर्णय चुकतात. ही लक्षणं उंचीच्या आजारासारखीच असल्याने माणूस समजतो हवा कमी पडते आहे, आणि प्राणवायू वाढवतो. तोही मग लवकर संपतो.

२३ मे, सकाळी ७ ते ११

साउथ समिट आणि हिलरी स्टेप, शिखराआधीचे शेवटचे टप्पे. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच दोरावर. एकाला वाट द्यायची तर दुसऱ्याला दोरातली कडी काढून बाहेर झुकावं लागतं, दोन्हीकडे हजारो फुटांचा उतार. २३ मे या एका दिवसात नेपाळ आणि तिबेट दोन्ही बाजूंनी मिळून साडेतीनशेहून जास्त माणसं शिखरावर पोहोचली. इतक्या संख्येने एका दिवसात तिथे आधी कोणीच पोहोचलं नव्हतं. निहाल याच दिवसाच्या गर्दीत होता.

याच सुमाराला रांगेत कोणीतरी वाकून बर्फ उचलून तोंडात घालतो. मोह साहजिक आहे. पण उणे २० अंशांच्या किलोभर बर्फाचं अंगाच्या तापमानाचं पाणी करायला सव्वाशे किलोकॅलरीच्या वर उष्णता लागते. ती शरीरालाच द्यावी लागते. त्यात ओठ-जीभ सोलली जाते ते वेगळं. ज्याच्याजवळ उष्णताच उरलेली नाही त्याने बर्फ खाणं म्हणजे उरलीसुरली गंगाजळी मोडणं.

२३ मे, दुपार

इकडे माढ्यात कल स्पष्ट होत होता. तिकडे उतार.

एव्हरेस्टवर पुष्कळ मृत्यू उतरताना होतात. चढताना ध्येय ओढतं, उतरताना फक्त शरीर असतं. निघून पंधरा-सोळा तास होऊन गेलेले, शेवटचा घोट कित्येक तासांपूर्वी घेतलेला. पाय मुडपतात. प्रत्येक गाठीशी कडी काढून पुढच्या दोराला लावायची, एवढं साधं काम बोटांना जमत नाही. सोबतचा शेर्पा दमलेला असतो, त्याचं स्वतःचं पाणीही संपलेलं असतं, बहुधा त्याने ते दुसऱ्यालाच दिलेलं असतं.

२३ मे, रात्र

निहालला शेर्पांनी कॅम्प चारवर आणलं. आठ हजार मीटरच्या वरून एका माणसाला उचलून खाली आणणं हे काय काम आहे, हे शब्दांत मावत नाही. ज्यांनी ते केलं त्यांना अकलूजने, सोलापूर जिल्ह्याने हात जोडावेत. तंबूत स्टोव्ह होता, बर्फ होता, गरम पाणी होऊ शकत होतं. पण इतक्या उशिरा कोरड्या पडलेल्या शरीराला पेलाभर गरम पाणी पुरत नाही. तिथे त्याचा श्वास थांबला.

२४ मे आणि पुढे

निवडणुकीच्या निकालांनी भरलेल्या पानांत ही बातमी आली. त्या वसंतात एव्हरेस्टवर दोन्ही बाजू मिळून अकरा जण गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये नेपाळ सरकारच्या समितीने शिफारस केली की एव्हरेस्टवर जाणाऱ्याने आधी ६,५०० मीटरपेक्षा उंच शिखर चढल्याचा दाखला द्यावा. शिफारस चांगली होती. पण २०२३ च्या वसंतात नेपाळने ४७८ परवाने दिले, आणि मृत्यूंच्या बाबतीत तो हंगाम २०१९ पेक्षाही वाईट गेला. परवान्यांची संख्या आणि रांगेतले तास यांचा संबंध जोडायला कोणी तयार नव्हतं, कारण एका परवान्याचे तेव्हा ११,००० डॉलर मिळत होते.

निहालच्या जाण्याने आपल्या भागातल्या पोरांनी डोंगर सोडावा, असं मी कधीच म्हणणार नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट गाठलं तेव्हापासून मराठी मुलांनी हिमालयात मोठं काम केलं आहे. २०१९ च्या त्याच मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा जण कांचनजुंगावर पोहोचून सुखरूप परतले. नेमकी तयारी, मोजून आखलेला वेळ आणि मागे फिरायची हिंमत असेल तर हे होतं.

माझं सांगणं एव्हरेस्टला न जाणाऱ्यांसाठीही आहे. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर, बार्शी, कुर्डुवाडीहून तरुणांचे गट उत्तराखंडात केदारकंठाला जातात, कोणी लडाखात गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर ट्रेकला जातात. केदारकंठा साडेबारा हजार फुटांचा, पण जानेवारीच्या रात्री तिथेही बाटली सकाळपर्यंत दगड होते. चादरवर उणे २० ही नेहमीची रात्र. आपली पोरं चाळीस अंशांत वाढलेली. पाणी कसं साठवायचं हे त्यांना कळतं, पण पाणी गोठतं हे त्यांनी फक्त फ्रिजमध्ये पाहिलेलं असतं.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं. झोपण्याआधी उकळतं पाणी बाटलीत भरून, झाकण तपासून, बाटली स्लीपिंग बॅगेत पायाशी घ्यावी. पाय गरम राहतात आणि सकाळी पाणी पाणीच असतं. जादा बाटल्या तंबूबाहेर ठेवायच्या तर हातभर खोल बर्फात, उलट्या पुराव्यात. बर्फाखालची जागा उघड्या हवेपेक्षा उबदार असते. सकाळी बर्फ फोडून आणावा लागू नये म्हणून भांड्यात रात्रीच पाणी भरून ठेवावं. ते गोठलं तरी भांड्यातच गोठतं आणि थेट स्टोव्हवर चढवता येतं. एक तरी व्हॅक्यूम फ्लास्क गटात असावा. चालताना दर अर्ध्या-पाऊण तासाला, तहान नसली तरी दोन घोट घ्यावेत. लघवी गडद पिवळी झाली की थांबून प्यावं, पुढच्या थांब्याची वाट पाहू नये. दारू थंडीत ऊब देते ही समजूत घरीच ठेवून जावी, ती अंगातलं पाणीही काढते आणि उष्णताही.

आणि ज्या संस्थेबरोबर जाणार असाल, तिच्या म्होरक्याला पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. दिवसाला माणशी किती लिटर गरम पाणी देणार? त्यासाठी किती इंधन सोबत असेल? आणि शिखरावर पोहोचलो नाही तरी ज्या वेळेला मागे फिरायचं, ती वेळ कोणती? तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली नाहीत, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका.